ओट्यावरचं शंकुपात्र

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेचं भांडं फुटलं की दुःख दोघांना होतं. ज्याच्या हातून फुटलं त्याला, आणि जडसंग्रह नोंदवही ज्याच्या ताब्यात आहे त्याला. पहिल्याचं दुःख तास संपल्याच्या घंटेपर्यंत टिकतं. दुसऱ्याचं टिकतं ते निर्लेखन समितीची बैठक होईपर्यंत, म्हणजे बहुधा सेवानिवृत्तीपर्यंत. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला त्यामुळे परीक्षानळीत रसायन दिसत नाही, अनुक्रमांक दिसतो. त्या वहीचा कार्यभार दुसऱ्याच्या हवाली करून मी हिंगोलीत घरी बसलो, तेव्हा नोकरीत कधीच न झालेली एक इच्छा झाली. कुठल्याही वहीत नोंद नसलेलं, आपल्या स्वतःच्या मालकीचं एक शंकुपात्र असावं. फुटलं तर आपलं फुटेल.

इच्छेला निमित्त झालं भाच्याचं. तो अमेरिकेत असतो आणि घरी बिअर बनवतो. तिथे ते चालतं. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि घरच्या वापरासाठी बिअर करायला मोकळीक मिळाली. घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला दोनशे गॅलन. मी हिशेब केला, साडेसातशे लिटरच्या वर जातं. आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पाचशे लिटरची आहे आणि ती भरली की शेजारीपाजारी आम्हाला सुखवस्तू समजतात.

तर एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने मला स्वयंपाकघर दाखवलं. ओट्यावर शंकुपात्र, आत तपकिरी पाणी, पाण्याच्या मधोमध भोवरा, आणि खाली एक डबी घूं घूं करते आहे. म्हणाला, "मामा, हा यीस्टचा स्टार्टर." बिअरसाठी द्रवरूप यीस्टचं पाकीट मिळतं, त्यात साधारण शंभर अब्ज पेशी असतात. वीस लिटर बिअरला लागतात दोनशे अब्जांच्या आसपास. मग पाकीट थेट ओतण्याऐवजी आधी लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम माल्टची पूड उकळून, गार करून, त्यात यीस्ट सोडायचं आणि दीड-दोन दिवस ढवळत ठेवायचं. पेशी वाढतात. मग ती फौज मोठ्या भांड्यात उतरवायची. भाचा हे सगळं ज्या उत्साहाने सांगत होता त्या उत्साहाने त्याने दहावीला काही सांगितलं असतं तर माझ्या बहिणीचे केस इतक्या लवकर पिकले नसते.

सौभाग्यवती मागून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे विरजण लावलंय."

भाचा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हो मामी, तसंच." मग पडद्यावरची मामी विजयी मुद्रेने भाजी निवडायला बसली. पुढच्या सगळ्या प्रकरणात मला हे एक वाक्य भारी पडलं. मी काहीही नवं करायला गेलो की ते विरजणच निघायचं.

आता हिंगोलीत बिअर करायचा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारू गाळणं, आंबवणं त्यात बसत नाही. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत कलम ६५ हे शब्द पंचांगातल्या तिथीइतके नियमित येतात. 'गूळमिश्रित सडवा रसायन जागीच नष्ट' ही ओळ वाचली नाही असा महिना जात नाही. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचे डबे, आणि ओढ्याकाठची बाभळीची झुडपं. या पार्श्वभूमीवर निवृत्त गुरुजींच्या ओट्यावर काचेच्या भांड्यात गुळाचं पाणी फेसाळत असेल तर त्याचा अर्थ लावायला कुणाला रसायनशास्त्राच्या पदवीची गरज पडणार नाही. म्हणून मी घरात आधीच जाहीर केलं की यीस्ट वाढवायचं ते पावासाठी. पाव घरी करायचा. पावाला कुठलंच कलम नाही.

शंकुपात्र आणायला नांदेडला गेलो. शाळेतलं जुनं एखादं मागून घेता आलं असतं, पण ते मी कुणालाही सुचवणार नाही. शाळेच्या काचेने काय काय पाहिलेलं असतं! पोटॅशियम डायक्रोमेट, शिशाचे क्षार, मोरचूद, आणि एखाद्या वर्षी फुटलेल्या तापमापीतला पारा. काच धुतली की स्वच्छ दिसते, पण तिचा पूर्वेतिहास कुठे लिहिलेला नसतो. जडसंग्रह नोंदवहीतही नसतो. खाण्याच्या कामाला नवीच काच घ्यावी, आणि ती पुन्हा कधी रसायनांच्या वाटेला जाऊ देऊ नये.

दुकानदाराने सवयीने विचारलं, "सर, बिल कोणत्या शाळेच्या नावाने?" मी म्हटलं, घरच्या. त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. घरच्या नावाने शंकुपात्र नेणारं गिऱ्हाईक त्याच्या अनुभवात बहुधा दोन प्रकारचं असावं आणि मी दोन्हींत बसत नव्हतो. "पावासाठी," मी म्हणालो. त्यावर त्याची शंका फिटली असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही, पण त्याने एक परीक्षानळी वर घातली.

घरी आल्यावर ते ओट्यावर ठेवलं. एका बाजूला मिसळणाचा डबा, दुसऱ्या बाजूला कुकर, मध्ये ही निमुळत्या मानेची काच. सौभाग्यवतींनी विचारलं, "हे प्रयोगशाळेतलं भांडं इथे काय करणार?" तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो, आणि जसजसं वाचत गेलो तसतशी माझी खात्री होत गेली की प्रश्नच उलटा आहे. प्रयोगशाळेतल्या अर्ध्या वस्तू मुळात स्वयंपाकघरातून आणि बिअरच्या भट्टीतून तिकडे नांदायला गेलेल्या आहेत. ओट्यावर त्या पाहुण्या म्हणून येत नाहीत, माहेरी येतात.

कुकरचंच घ्या. डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला एक घट्ट झाकणाचं भांडं दाखवलं. त्यात वाफ कोंडून हाडंसुद्धा मऊ शिजत. १६८२ मध्ये त्याने त्या भांड्यात रांधून सोसायटीच्या विद्वानांना जेवू घातलं. विद्वान जेवून तृप्त झाले. जगातला पहिला प्रेशर कुकर असा शास्त्रज्ञांच्या पंगतीला लागला होता. ते भांडं दाखवल्याला बरोबर दोनशे वर्षं झाली तेव्हा, १८७९ मध्ये, पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या शार्ल शांबरलां याने त्याच तत्त्वावर ऑटोक्लेव्ह तयार केला. जंतू मारायचे तर १२१ अंश तापमान आणि पंधरा मिनिटं. आपल्या घरच्या कुकरच्या शिट्टीचं वजन असं बेतलेलं असतं की आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो होतो, आणि त्या दाबाला वाफ जवळजवळ तितकीच तापते. म्हणजे दर घरात एक ऑटोक्लेव्ह आहे आणि तो रोज वरणभात करतो.

फरक एवढाच की प्रयोगशाळा मिनिटं मोजते आणि घर शिट्ट्या. गुळाचं पाणी निर्जंतुक करायचं तर शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून पंधरा मिनिटं घड्याळ लावायचं, आणि मग दाब आपोआप उतरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. घाईने वाफ सोडली तर शंकुपात्रातलं पाणी उसळून कापसाचा बोळा उडवतं. हे मी समजावून सांगत असताना सौभाग्यवतींनी विचारलं, "पण म्हणजे किती शिट्ट्या?" मी म्हटलं, शिट्ट्या नाहीत, मिनिटं. "हो, पण साधारण किती?" एकाच धातूच्या भांड्याभोवती दोन संस्कृती नांदत असतात. गॅस वाचावा म्हणून खाली तुरीचं वरण आणि वर शंकुपात्र हा समन्वयही त्यांनी सुचवला. तो मी नाकारला. वरणाला त्याचं काही वाटलं नसतं, पण यीस्टला हिंगाच्या वासात वाढवणं मला बरं वाटेना.

मग अगार. जंतू वाढवायला प्रयोगशाळेत जो पारदर्शक थिजलेला थर वापरतात तो. १८८१ च्या सुमाराला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेसे नावाचे डॉक्टर जिलेटिनवर जंतू वाढवायला बघत होते आणि उन्हाळ्यात ते जिलेटिन वितळून जाई. त्यांची बायको फॅनी. ती त्यांच्यासाठी रेखाचित्रंही काढायची आणि घरही सांभाळायची. तिने सांगितलं, मी जेली करायला अगार वापरते, ते उन्हात वितळत नाही. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला ते कळलं होतं. सूक्ष्मजीवशास्त्र पुढची सगळी वर्षं त्या जेलीवर उभं आहे. कॉखच्याच प्रयोगशाळेतल्या पेट्रीने १८८७ मध्ये एक झाकणाची बशी सुचवली आणि तिला त्याचं नाव मिळालं. अगारला फॅनीचं नाव मिळालं नाही. आमच्याकडे हेच अगार किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं. फालुद्यासाठी नेतात. मी नेलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "घरी कार्यक्रम हाय का सर?"

काचेचीही अशीच गोष्ट आहे. गरम-गार झालं तरी न तडकणारी बोरोसिलिकेट काच जर्मनीत ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला काढली. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत तशाच काचेची बॅटरीची भांडी होत. तिथल्या एका शास्त्रज्ञाच्या बायकोचं, बेसी लिटलटनचं, भाजायचं भांडं फुटलं. तिने नवऱ्याला म्हटलं, तुमच्या कारखान्यातली ती न फुटणारी काच आणा. १९१३ मध्ये त्याने बॅटरीच्या बरणीचं बूड कापून आणलं आणि तिने त्यात केक भाजला. दोन वर्षांनी पायरेक्सची भांडी बाजारात आली. आपल्याकडे १९६२ मध्ये सुरू झालेलं बोरोसिल आज प्रयोगशाळेच्या कपाटातही दिसतं आणि रुखवतातही. मला या गोष्टीत केकपेक्षा तो बूड कापून आणणारा नवरा जास्त आवडतो. त्याच्या कारखान्यात जडसंग्रह नोंदवही नसावी.

पण सगळ्यांत मोठं माहेर बिअरचं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग भट्टीचा मालक याकोबसेन याने १८७५ मध्ये भट्टीलाच लागून एक प्रयोगशाळा काढली आणि तिथे जे कळेल ते लपवून न ठेवता जाहीर करायचं ठरवलं. त्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. त्याच वर्षी तिथल्याच केल्डाल याने नायट्रोजन मोजण्याची पद्धत काढली. बार्लीत प्रथिनं किती हे पाहायला. आज आमच्या जिल्ह्यातलं सोयाबीन तेल काढून पेंड झालं की तिच्यातली प्रथिनं मोजण्याची मूळ पद्धत हीच. आणि १९०९ मध्ये तिथेच सोरेनसेन याने आम्लतेसाठी पीएचची मोजपट्टी आणली. डब्लिनच्या गिनेस भट्टीत विल्यम गॉसेट नावाचा माणूस सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या पेशी मोजायचा. थोड्या नमुन्यावरून कितपत बोलावं, या विवंचनेतून त्याने १९०८ मध्ये एक निबंध लिहिला. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देईना, म्हणून 'स्टुडंट' या नावाने छापला. परभणीच्या कृषी विद्यापीठात तुरीच्या दोन वाणांची तुलना करताना विद्यार्थी जी टी-टेस्ट लावतो ती त्या स्टुडंटची. दारूला आयुष्यात न शिवलेल्या कितीतरी संशोधकांच्या प्रबंधाला तिचा हा असा हात लागलेला आहे.

हे सगळं मी सौभाग्यवतींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि हे शंकुपात्र?"

इथे मी जरा अडचणीत आलो. शंकुपात्र १८६० च्या सुमाराला एमिल एर्लेनमायर याने आणलं आणि तो निखळ रसायनशास्त्रज्ञ. भांडं गोल फिरवावं, आतलं बाहेर सांडू नये, अरुंद तोंडाला बोळा बसावा, एवढाच त्याचा हेतू. म्हणजे बाकी सगळ्या माहेरवाशिणी आणि नेमकं हेच एक परकं. पण त्याची ठेवण अशी की यीस्टला दुसरं कुठलं भांडं इतकं मानवत नाही. पसरट बूड, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग मोठा आणि हवा भरपूर. निमुळती मान, म्हणजे वरून कचरा पडायची शक्यता कमी. परकं असून घरात इतकं रुळणारं माणूसही क्वचित भेटतं.

ढवळण्याच्या यंत्राची कथा वेगळी. प्रयोगशाळेतला चुंबकीय ढवळक महाग असतो. भाच्याने त्याचा तयार केला होता, मी माझा केला. भंगारवाल्याकडून जुन्या संगणकातला पंखा आणि हार्ड डिस्क आणली. हार्ड डिस्क उघडली की आत दोन चुंबक निघतात आणि ते इतके जबर असतात की बोटाची कातडी मध्ये सापडली तर संगणकयुगाची किंमत कळते. ते पंख्याच्या मधोमध चिकटवायचे, पंखा एका लाकडी खोक्यात बसवायचा, वर पातळ पत्रा, पत्र्यावर शंकुपात्र आणि आत टेफ्लॉनचं कवच असलेली मॅग्नेटिक बीड. पंखा बारा व्होल्टचा, पण जुन्या मोबाइलच्या चार्जरवरही हळूहळू फिरतो, आणि आपल्याला वादळ नकोच असतं, नुसता भोवरा पुरतो. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही कमी फरक पडला तरी तो टिपायचा. २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी दोन हजार सहाशे कोटी मंजूर केले. माझं यंत्र चालू झालं की ओट्यावरच्या वाट्या वाजतात. जिल्ह्यात सूक्ष्म यंत्रांची ही दोन टोकं तूर्त पुरेशी आहेत.

ढवळायचं कशासाठी, हे मला कळलं तेव्हा जरा हायसं वाटलं, कारण त्यात दारूबंदीचा प्रश्न बराचसा सुटत होता. यीस्टला हवा मिळाली आणि साखर बेताबेताने मिळाली तर ते पेशी वाढवण्यावर शक्ती घालतं. साखर एकदम ओतली तर हवा असूनही अल्कोहोल करत बसतं. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे युरोपात पावाच्या यीस्टचे कारखानदार हे शिकले. ते टाकीत खालून हवा फुंकतात आणि मळी थोडी थोडी सोडतात. मळी म्हणजे साखर कारखान्यात साखर काढून उरलेला काळा पाक. वसमतच्या पूर्णा कारखान्याच्या बाजूने गेलं की तिचा वास येतो. तेव्हा मी भाच्याचं शंभर ग्रॅमचं प्रमाण सोडलं आणि लिटरला दोन चमचे गूळ धरला. नुसत्या गुळावर यीस्टचं भागत नाही, त्याला नायट्रोजनही लागतो. म्हणून मोड आलेली ज्वारी वाळवून, दळून, तिचं गाळलेलं पाणी घातलं. फेस आला, शमला, तळाला पांढरट साका बसला. वरचं पाणी ओतून दिलं आणि साका कणकेत मळला. ओतलं ते कढीपत्त्याच्या बुडात. कढीपत्त्यावर काही परिणाम दिसला नाही, त्याने परवानाही मागितला नाही.

भारनियमन सुरू झालं की यंत्र थांबतं. त्यावर उपाय म्हणजे जाता-येता शंकुपात्र हातात घेऊन गरगर फिरवणं, आणि तो उपाय परदेशातले हौशी लोकही वीज असताना करतात. घरात जो ओट्यापाशी जाईल त्याने एकदा फिरवायचं, असा नियम झाला. मी वर्तमानपत्र वाचताना विसरायचो. सौभाग्यवती मात्र चहा ठेवताना, पोळी लाटताना, फोनवर बहिणीशी बोलताना सहज मनगट फिरवून जात. लहानपणी रवीने ताक घुसळलेला तो हात होता. त्यांच्या पाळीचा साका माझ्या यंत्राच्या पाळीपेक्षा जाड बसत असे. हे मी मोजून सिद्ध करणार होतो. रक्तातल्या पेशी मोजायला पॅथॉलॉजीत जी चौकटींची काच असते तीच यीस्टला चालते, गॉसेटने तीच वापरली होती. पण निकाल काय लागणार हे दिसत असताना मोजण्यात अर्थ नव्हता.

आमच्याकडच्या उन्हाळ्याचा एक वेगळा धडा आहे. यीस्टला तीस अंशांच्या आतबाहेर बरं वाटतं. हिंगोलीत वैशाखात बेचाळीसच्या वर पारा जातो. तेव्हा शंकुपात्राला ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवायचं. पुस्तकातल्या इन्क्युबेटरचं काम गरम ठेवण्याचं असतं. आमच्या इन्क्युबेटरचं गार ठेवण्याचं.

आम्लता पाहायला मी आधी हळदीची पट्टी करायचं ठरवलं. हिंगोलीत राहून हळद सोडून दुसरं काही वापरणं बरं दिसत नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आणि फाल्गुनात शिवारांत हळद शिजवायचे बॉयलर पेटले की अख्खा तालुका वाफाळतो. शाळेत हळदीचा कागद साबणाच्या पाण्याने लाल करून दाखवला की मागच्या बाकावरची मुलंही पुढे यायची. हळदीचं कुंकू होतं तेही क्षारानेच. पण हळद बोलते ती क्षार आला तरच. आम्लाकडे ती पिवळीच्या पिवळी राहते आणि यीस्टचं पाणी आम्लाकडेच झुकतं. तेव्हा शिवारभर निर्देशक पिकत असून मला लिटमसचं पुडकं विकत आणावं लागलं.

परीक्षानळीत चायना ग्रास तिरकं गोठवून त्यावर यीस्टची रेघ ओढून ठेवली की मूळ वाण महिनोन्‌महिने टिकतो. ती नळी फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी उभी असते. तिच्यावर चिकटपट्टी लावून मी नाव आणि तारीख लिहिली. प्रयोगशाळेने घराला काही दिलं असेल तर ती ही चिकटपट्टी. तिच्यामुळे फ्रिजमधल्या इतर वस्तूंची आबाळ उघडी पडली. लिंबाचं लोणचं, साय, चिंचेचा कोळ, सगळे बिनतारखेचे. सौभाग्यवतींना ते बोचलं असावं. आठवड्याभरात विरजणाच्या वाटीवर चिकटपट्टी आली: 'विरजण. रोज.' तारखेच्या जागी 'रोज' हा शब्द मी प्रयोगवहीत आजवर वाचलेला नव्हता. खरं सांगायचं तर पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक आलं १८७६ मध्ये, आणि या वाटीतला वंश त्याच्याही कित्येक पिढ्या आधीपासून एका घरातून दुसऱ्या घरात उसना जातो आहे. शुद्ध नाही, मिश्र आहे, पण मोडलेला नाही. गोव्यात पोदेर माडाच्या सुरेवर पाव फुगवायचे तेव्हाही नळी नव्हती. ओढ्याकाठच्या शिंदीचा सकाळचा गोड रस दुपारपर्यंत आंबतो तो मडक्यात आधीच बसलेल्या यीस्टमुळे, आणि ते मडकं धुऊ नये हे उतरवणाऱ्याला कुणी शिकवलेलं नसतं.

पाव कसा झाला, हे सगळे विचारतात. पाव चांगला झाला. बेकरीच्या पावाइतका हलका नव्हता, ज्वारीमुळे जरा सावळा होता. शेजारच्यांनी दोनदा मागून नेला, म्हणजे चांगलाच असणार. पण खरं गिऱ्हाईक वेगळंच निघालं.

औंढा रोडला आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. हळद करतात. एके दिवशी पोतंभर शेंगा द्यायला आले आणि पाणी प्यायला आत आले ते ओट्यासमोरच थांबले. भोवरा पाहत राहिले. मी मनातल्या मनात कलम ६५ ची उजळणी करत होतो.

"सर, हे काय लावलंय?"

"यीस्ट वाढवायलोय. पावासाठी."

"गूळ घातलाय?"

"थोडा."

"हे तर आमच्या डरमावानीच हाय की!"

आणि ते खरंच होतं. हळदीला कंदकूज लागू नये म्हणून ते ट्रायकोडर्मा सोडतात. परभणीच्या विद्यापीठाचं बायोमिक्स आणतात. गाझियाबादच्या वेस्ट डीकंपोझरची बाटली आणून दोनशे लिटरच्या ड्रममध्ये दोन किलो गुळावर वाढवतात. जीवामृताचा ड्रम वेगळा, त्यात शेण, गोमूत्र, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. रोज काठीने ढवळायचं, आठवड्यात तयार. माझ्या लिटरभर पाण्याचा मी एवढा इतिहास लिहीत बसलो होतो आणि जिल्ह्यात शेकडो बांधांवर दोनशे दोनशे लिटरचे स्टार्टर फेसाळत होते. गुळाच्या ड्रमवर कुणी छापा कसा घातला नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "जवळ येतंय कोण? शेणाचा वास हाय की."

मग त्यांनी खोक्याला कान लावला, पंख्याचा आवाज ऐकला, चुंबक बघायला मागितला. रोज सकाळ-संध्याकाळ ड्रम ढवळायला गडी मिळत नाही, मिळाला तर तो दोन हात मारून जातो, ही त्यांची अडचण. हा पंखा दोनशे लिटरला पुरेल का? मी म्हटलं, नाही. एवढ्या पाण्याला चुंबकाची पकड राहणार नाही, बीड तळाला नुसती तडफडेल. वरून दांडा सोडावा लागेल, खाली पातं लावून, आणि दांडा फार जोरात फिरून चालणार नाही.

"मग कूलरची मोटर?"

कूलरच्या मोटरचा वेग कमी-जास्त करता येतो हे माझ्या डोक्यात यायच्या आत आतून आवाज आला, "अहो, गच्चीवर आपल्या जुन्या कूलरची मोटर पडलीय की. पत्रा सडलाय, मोटर चांगली आहे."

आम्ही दोघे जिन्याकडे निघालो. ते म्हणत होते, दांडा लोखंडाचा घेतला तर गोमूत्रात गंजेल, स्टीलचा बघावा लागेल.